शेम्वा वापरून दीड वर्ष झालं, तीन मशिनींवरच्या कॉन्फिगची भांडणं मिटली का?

आधी नावाचं सांगते, chezmoi हे स्पेलिंग बघून तुम्ही चेझमोई असं वाचाल, मी पण कितीतरी महिने तेच म्हणायचे, पण ते फ्रेंच आहे, उच्चार शेम्वा च्या आसपास आणि अर्थ 'माझ्या घरी'. होम फोल्डरमध्ये त्या टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या कॉन्फिग म्हणजे सेटिंग्जच्या फाइल्स असतात ना, बॅशआरसी (कमांड लिहायच्या शेलची), गिटकॉन्फिग (फाइल्सच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटची), एसएसएच (दुसऱ्या मशिनीत नेटवर्कवरून शिरायचं साधन) चा कॉन्फिग, एडिटरच्या सेटिंग्ज, त्या सगळ्या एका ठिकाणी ठेवून प्रत्येक मशिनीवर जशा हव्या तशा लिहून देणारं हे टूल. ओपन सोर्स आहे, फुकट आहे, गो भाषेत लिहिलंय त्यामुळे एक बायनरी, म्हणजे तयार प्रोग्रॅमची फाइल, टाकली की झालं, लिनक्स मॅक विंडोज तिन्हीवर चालतं.

माझ्याकडे तीन मशिनी. ऑफिसचा मॅक, घरचा लिनक्स डेस्कटॉप आणि एक भाड्याचा सर्व्हर ज्याला स्क्रीन वगैरे काही नाही, एसएसएच करूनच आत जायचं. तिन्हीवर तेच शेल, तेच गिट, तोच एडिटर, आणि तिन्हीवर त्यांच्या कॉन्फिग फाइल्स 'जवळजवळ' सारख्या. सगळं दुखणं त्या 'जवळजवळ' मध्ये आहे. पूर्ण सारख्या असत्या तर कॉपी केल्या असत्या, पूर्ण वेगळ्या असत्या तर विषयच नव्हता.

शेम्वाच्या आधी मी काय काय करून बसलेय ते सांगते, त्याशिवाय हे टूल का आवडलं ते कळणार नाही.

पहिला प्रकार, क्लाउड फोल्डर. सगळ्या फाइल्स एका सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये टाकल्या आणि होम फोल्डरमधून सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या नुसत्या खुणा, दिल्या. कुठली सर्व्हिस ते जाऊ दे, सगळ्यांचं साधारण असंच असतं, एकच फाइल दोन मशिनींवर बदलली आणि मधे सिंक झालं नसेल तर ती कुणाची बाजू घेत नाही, एक मूळ नावाने ठेवते आणि दुसरी शेजारी लांबलचक नावाने, तारीख आणि मशिनीचं नाव चिकटवून. फोटो किंवा रिपोर्ट असेल तर ठीकच आहे, माणूस दोन्ही उघडून बघेल. पण शेल काही शेजारची फाइल उघडून बघत नाही ना, ते मूळ नावाची वाचतं आणि गप्प बसतं. मी डेस्कटॉपवर केलेले बदल दोन आठवडे त्या शेजारच्या कॉपीत पडून होते आणि मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय, तोच एलियस (लांब कमांडचं छोटं टोपणनाव) मी तीनदा लिहिला. एक दिवस फोल्डर उघडला तर बॅशआरसीच्या अकरा आवृत्त्या. अकरा!

दुसरा प्रकार, नुसत्या सिमलिंक, मागे गिटचा रेपो, म्हणजे फाइल्स आणि त्यांचा इतिहास ठेवणारा साठा. यासाठी ग्नू स्टो नावाचं जुनं आणि चांगलं टूल आहे, दोष त्याचा नाही, गंमत अशी की बरेच प्रोग्रॅम आपली कॉन्फिग सेव्ह करताना मूळ फाइलीत लिहीतच नाहीत, शेजारी टेम्पररी फाइल लिहितात आणि मग तिचं नाव बदलून जुनीच्या जागी बसवतात. का, तर मधेच लाईट गेली तरी अर्धवट फाइल राहू नये. अगदी योग्य आहे, पण त्या नाव बदलण्यात तुमची सिमलिंक उडते आणि तिथे साधी फाइल येऊन बसते. कुठेही एरर नाही. तुम्ही रेपोमध्ये बदल करत राहता आणि प्रोग्रॅम आपली वेगळीच फाइल वाचत राहतो. होम फोल्डरमध्ये एलएस डॅश एल (फाइल्सची यादी) मारून सिमलिंकचा बाण दिसतोय का ते बघायची सवयच लागली होती मला.

तिसरा प्रकार म्हणजे होम फोल्डरलाच गिटचा वर्किंग फोल्डर करायचा, बेअर रेपो (नुसता इतिहास, फाइल्स बाहेर) ठेवून. हे बरेच जण करतात आणि एका मशिनीवर मस्त चालतं. मी प्रत्येक मशिनीची एक ब्रँच, म्हणजे इतिहासाची वेगळी फांदी, केली, तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. मॅकवर सुचलेला चांगला बदल डेस्कटॉपच्या ब्रँचवर चेरी-पिक करा, म्हणजे तेवढाच उचलून आणा, मग सर्व्हरच्या, आणि एखादा राहून गेला की ब्रँचेस अशा लांब जातात की मर्ज करायची, म्हणजे त्या एकत्र करायची भीतीच वाटते. एकदा धीर करून मर्ज केलं, कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे एकाच जागी दोन वेगळे बदल. आता बघा, गिट कॉन्फ्लिक्ट आला की फाइलीत ते बाणांचे मार्कर टाकतं, आणि इथे फाइल कुठली तर खुद्द गिटकॉन्फिग. त्यानंतर गिटची कुठलीही कमांड मारली की 'अमुक ओळीवर कॉन्फिग चुकीची आहे' म्हणून फेटल एरर. गिट स्टेटस नाही, गिट डिफ नाही, मर्ज रद्द करू म्हटलं तर ते पण नाही, कारण प्रत्येक वेळी ते आधी तीच फाइल वाचायला जातं. म्हणजे कुलपाची किल्ली कुलपाच्या आतच. शेवटी एडिटरमध्ये हाताने मार्कर काढले तेव्हा गिट बोलायला लागलं. त्या रात्री ठरवलं की जी फाइल प्रोग्रॅम वाचतो आणि जिच्यावर मी काम करते, त्या दोन वेगळ्या पाहिजेत.

तर शेम्वा नेमकं हेच करतं, आणि मला विचाराल तर त्याची खरी किंमत या एकाच गोष्टीत आहे, बाकी सगळं वरचं. तुमच्या मूळ फाइल्स डॉट लोकल, शेअर, शेम्वा या फोल्डरमध्ये, तो एक साधा गिट रेपो. होममधल्या फाइल्स म्हणजे त्यावरून तयार केलेला माल. सिमलिंक नाही, खरी फाइल. रेपोमध्ये कॉन्फ्लिक्ट आला तरी तो त्या आतल्या फोल्डरमध्ये राहतो, होममधली गिटकॉन्फिग शाबूत असते, गिट चालतं, शेल उघडतं, तुम्ही निवांत भांडण सोडवून मग अप्लाय मारता, म्हणजे होममध्ये लिहून दे म्हणता.

आणि अप्लायच्या आधी डिफ मारा, प्लीज. शेम्वा डिफ तुम्हाला दाखवतं की आत्ता अप्लाय मारलं तर होममध्ये काय काय बदलेल. मी सुरुवातीला आळस करायचे, आता हात आपोआप जातो.

माझं सगळ्यात आवडतं फीचर मात्र दुसरं आहे. शेम्वा आपण प्रत्येक फाइलीत शेवटचं काय लिहिलं होतं त्याची खूण एका छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतं. त्यामुळे त्याला तीन गोष्टी माहीत असतात, मी शेवटचं काय लिहिलं, आत्ता डिस्कवर काय आहे, आणि रेपोप्रमाणे काय असायला हवं. नुसत्या सिंकवाल्याला दोनच गोष्टी दिसतात, माझी फाइल आणि तुझी फाइल, म्हणून तो नवी कुठली ते तारखेवरून ठरवतो किंवा दोन कॉपी करून मोकळा होतो. इथे मधेच कुणी तिसऱ्याने, म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या इन्स्टॉलरने, बॅशआरसीच्या शेवटी गुपचूप दोन ओळी टाकल्या असतील तर अप्लाय थांबतं आणि विचारतं की बाई, ही फाइल मी लिहिल्यानंतर बदललीय, काय करू? डिफ दाखवू, ओव्हरराइट करू, सगळ्याच ओव्हरराइट करू, ही सोडू, की थांबू. शेम्वा स्टेटस मारलं तर प्रत्येक फाइलीसमोर दोन अक्षरांच्या जागा दिसतात, पहिली सांगते की माझ्या शेवटच्या लिहिण्यानंतर डिस्कवर काय झालं, दुसरी सांगते की अप्लाय मारल्यावर काय होईल. दोन्हीकडे एम (बदललंय) दिसलं की समजायचं, इथे भांडण आहे.

ज्यांनी डेबियन किंवा उबुंटूवर पॅकेज अपग्रेड केलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. इटीसीमधली (सिस्टीमच्या कॉन्फिगचं फोल्डर) फाइल तुम्ही हाताने बदललेली असते आणि नव्या पॅकेजमध्ये पण ती बदलून आलेली असते, तेव्हा डीपीकेजी (तिथलं पॅकेज बसवणारं टूल) तसंच विचारतं, तुमची ठेवू की आमची टाकू की फरक दाखवू. फेडोरा, रेड हॅट वाले विचारत बसत नाहीत, शेजारी आरपीएमन्यू किंवा आरपीएमसेव्ह शेपटीची फाइल टाकून जातात आणि बघायचं काम तुमच्यावर. सिस्टीमच्या फाइल्ससाठी ही सोय वर्षानुवर्षं आहे, होम फोल्डरला मात्र कुणी वाली नव्हता.

आता तो 'जवळजवळ'. त्यासाठी टेम्प्लेट, म्हणजे शर्ती घातलेला साचा, ज्यातून मशिनीप्रमाणे फाइल तयार होते. गो भाषेचीच टेम्प्लेट पद्धत वापरलीय, दुहेरी महिरपी कंसात इफ, ईक्यू, आणि पुढे ज्याची तुलना करायची ते. वाचायला सुंदर नाहीये, खोटं कशाला बोलू. शर्ती एकात एक घातल्या की फाइल कॉन्फिग न राहता कोडं होते, आणि एडिटरचं रंगकाम पण गोंधळतं कारण ती धड शेल स्क्रिप्ट नसते धड टेम्प्लेट नसते. पण काम करतं. उदाहरण सांगते, मॅकवर होमब्रू (प्रोग्रॅम बसवायचं टूल) कुठे बसतं ते चिपवर अवलंबून आहे, अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर ऑप्ट होमब्रू मध्ये, जुन्या इंटेलवर यूएसआर लोकल मध्ये. शेम्वाला ऑपरेटिंग सिस्टीम, चिपचा प्रकार आणि होस्टनेम (मशिनीचं नाव) आधीच माहीत असतात, तेव्हा पाथची (प्रोग्रॅम कुठे शोधायचे ते सांगणारी) एकच ओळ तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहून येते. आणि टेम्प्लेटमध्ये व्हेरिएबलचं नाव चुकलं तर ते रिकामी जागा टाकून पुढे जात नाही, एरर देऊन थांबतं, हे मला फार बरं वाटलं.

पण एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. मी सगळ्या शर्ती होस्टनेमवर लिहिल्या. मॅकचं होस्टनेम कुठल्या नेटवर्कला जोडलंय त्यावर बदलू शकतं, शेम्वाच्या डॉक्युमेंटेशनमध्येच ही सूचना आहे, मी अर्थातच ती नंतर वाचली. एके दिवशी वेगळ्या वायफायवरून अप्लाय मारलं, शर्त जुळली नाही आणि ऑफिसच्या मॅकवर माझा घरचा ईमेल असलेली गिटकॉन्फिग लिहून आली. डिफमध्ये दिसत होतं पण लक्ष कोण देतंय. दुसऱ्या दिवशी शेजारच्या डेस्कवरून आवाज, "अगं हे कमिट कुणाचं आहे, तुझंच नाव दिसतंय पण आयडी भलताच." कमिट म्हणजे गिटमध्ये केलेली बदलाची नोंद, तिच्यावर घरचा ईमेल गेला होता. कान धरला.

उपाय सोपा आहे, मशिनीचं नाव विचारू नका, तिचं काम विचारा. शेम्वाची स्वतःची एक कॉन्फिग फाइल असते, डॉट कॉन्फिग मधे शेम्वा फोल्डरात, ती प्रत्येक मशिनीची आपापली, रेपोत जात नाही. तिच्यात मी एक व्हेरिएबल ठेवलंय, भूमिका, आणि त्याच्या तीनच किमती, ऑफिस, घर, सर्व्हर. ही फाइल पण टेम्प्लेटने बनवता येते आणि पहिल्यांदा इनिट (नव्या मशिनीवरची पहिली मांडणी) करताना शेम्वा प्रॉम्प्ट देऊन विचारतं, ही मशीन कुठली. एकदाच विचारतं, मग लक्षात ठेवतं. सगळ्या शर्ती आता त्या भूमिकेवर आहेत आणि उद्या मशीन बदलली तरी एकही टेम्प्लेट बदलायला नको.

आता थोडं शेम्वाच्या विरुद्ध बोलते. किंवा विरुद्ध नाही म्हणा, आधीचं. बऱ्याच प्रोग्रॅमना हा प्रश्न माहीत आहे आणि त्यांनी स्वतःच सोय केलीय, टूल लावायच्या आधी ती वापरा. गिटमध्ये इन्क्लूडइफ आहे, 2.13 पासून म्हणजे 2017 पासून, अमुक फोल्डरखालच्या रेपोंना अमुक कॉन्फिग लावा असं सांगता येतं. 2.36 पासून तर रिमोटच्या (रेपोची सर्व्हरवरची जोडलेली प्रत) यूआरएल वरून पण ठरवता येतं. माझा ईमेलचा घोळ खरं तर यानेच सुटला, ऑफिसचा रिमोट असेल तर ऑफिसचा ईमेल, मशीन कुठलीही असो, मग त्या ओळींना टेम्प्लेटच लागत नाही. ओपनएसएसएच मध्ये 7.3 पासून, 2016 पासून, इन्क्लूड आहे, म्हणजे दुसरी फाइल आत ओढून घ्यायची सोय. शेलमध्ये तर काय, शेवटी एक ओळ टाका की लोकल नावाची फाइल असेल तर ती पण वाच.

इथे एक बारीक जागा आहे जिथे मी स्वतः दोन तास घालवलेत. एकच सेटिंग दोनदा आलं तर कुठलं खरं, याचे नियम प्रत्येकाचे वेगळे. गिटमध्ये शेवटचं जिंकतं. एसएसएच च्या कॉन्फिगमध्ये पहिलं जिंकतं. म्हणजे मशिनीचं खास जे काही आहे ते गिटकॉन्फिगमध्ये तळाला इन्क्लूड करायचं आणि एसएसएच मध्ये अगदी वर, आणि होस्ट स्टार वालं, सगळ्या होस्टना लागणारं सर्वसाधारण सेटिंग सगळ्यात खाली. मी गिटच्या सवयीने एसएसएच चा इन्क्लूड पण तळाला टाकला होता. त्यात पुन्हा अजून एक, एसएसएच मध्ये इन्क्लूड जर एखाद्या होस्टच्या ओळीखाली आला तर तो त्या होस्टपुरताच लागू होतो, आणि माझा नेमका तसा आला होता. सर्व्हरला चुकीच्या युजरनेमने जातंय, का जातंय, काही कळेना, शेवटी एसएसएच डॅश जी मारून बघितलं तेव्हा उजेड पडला, ती कमांड जोडणी न करता नुसतं दाखवते की या होस्टसाठी शेवटी कुठली सेटिंग्ज लागली. ही कमांड माहीत नसेल तर आत्ता मारून बघा.

बरं, शेम्वा कुठे कमी पडतं. जी फाइल तुम्ही लिहिता आणि प्रोग्रॅम फक्त वाचतो, तिथे ते राजा आहे. जी फाइल तुम्ही पण लिहिता आणि प्रोग्रॅम पण लिहितो, तिथे दोघांच्या भांडणात ते नुसतं पंच. माझ्या एडिटरच्या सेटिंग्जची जेसन फाइल घ्या, थीम बदलली, फाइल बदलली, एखादं एक्स्टेन्शन टाकलं, त्याने स्वतःची चार सेटिंग्ज घुसडली. दर वेळी अप्लाय थांबून विचारणार. मग चिडून माणूस एक दिवस 'सगळ्याच ओव्हरराइट कर' दाबतो आणि त्यात एखादी खरीच हवी असलेली ओळ जाते. यावर त्यांच्याकडे दोन उत्तरं आहेत, दोन्ही फाइलीच्या नावाला लावायचे उपसर्ग. क्रिएट लावला की फाइल नसेल तरच बनवायची, असेल तर हात लावायचा नाही. मॉडिफाय लावला की ती फाइल न राहता स्क्रिप्ट होते, तिला आत्ताची फाइल इनपुट म्हणून मिळते आणि ती बदललेली फाइल बाहेर देते, म्हणजे फक्त तुमची चार सेटिंग्ज बदला आणि बाकी प्रोग्रॅमचं प्रोग्रॅमला ठेवा. दुसरं उत्तर खूप ताकदवान आहे, पण चार सेटिंग्जसाठी स्क्रिप्ट लिहायची म्हणजे जरा जास्तच होतं. मी एकाच फाइलीसाठी लिहिलीय, बाकीच्यांना क्रिएट लावून सोडून दिलं.

मॅकच्या पीलिस्ट फाइल्सच्या (तिथे सेटिंग्ज यातच राहतात) तर नादालाच लागू नका. त्या बऱ्याचदा बायनरी असतात, साधा मजकूर नाही, आणि मागे एक सर्व्हिस त्या मेमरीत धरून बसलेली असते, तुम्ही खालून फाइल बदलली तरी ती आपलीच जुनी किंमत दाखवते आणि वर पुन्हा तीच लिहून ठेवते. तिथे डिफॉल्ट्स या मॅकची सेटिंग्ज बदलणाऱ्या कमांडच्या ओळी एका स्क्रिप्टमध्ये टाकायच्या आणि शेम्वाला सांगायचं की स्क्रिप्ट बदलली तरच चालव, त्यासाठी रन ऑनचेंज असा उपसर्ग आहे.

आणि काही गोष्टी कॉन्फिगच्या फोल्डरमध्ये राहतात म्हणून कॉन्फिग होत नाहीत. ब्राउझरचं प्रोफाइल बघा, आत एसक्यूलाइटच्या डेटाबेस फाइल्स, शेजारी त्यांची डब्ल्यूएएल फाइल, ज्यात अजून मुख्य फाइलीत न गेलेले बदल असतात. चालू असताना एक फाइल कॉपी झाली आणि दुसरी मागे राहिली की डेटाबेस बिघडलाच म्हणून समजा. शिवाय व्हर्जनचं भांडण वेगळंच, नव्या व्हर्जनने प्रोफाइल उघडलं की ते आपल्या पद्धतीने बदलून घेतं आणि मग जुन्याला ते झेपत नाही. फायरफॉक्सने 2019 मधे 67 व्या व्हर्जनपासून याला सरळ अटकावच घातला, नव्या व्हर्जनने वापरलेलं प्रोफाइल जुन्याने उघडायला गेलात तर ते उघडतच नाही, नवीन बनवा म्हणतं. अशा गोष्टींना त्या प्रोग्रॅमची स्वतःची सिंक असेल तर तीच वापरा. डॉट कॅश आणि डॉट लोकल स्टेट मधलं काहीही रेपोत घेऊ नका, ते वेगळे फोल्डर केलेतच त्यासाठी. आणि इटीसीमधली मशीन-आयडी ची फाइल एका मशिनीवरून दुसरीवर कधीच नको, नावातच लिहिलंय ती काय आहे ते.

पासवर्ड आणि चाव्या. गिट फाइलीच्या परवानग्यांपैकी फक्त एक्झिक्यूटची खूण लक्षात ठेवतं, बाकी नाही, त्यामुळे एसएसएच ची प्रायव्हेट की (ओळख पटवायची गुप्त चावी) गिटमधून नुसती आणली तर ती इतरांना वाचता येईल अशी उतरते आणि एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. शेम्वात नावाला प्रायव्हेट लावलं की सहाशेच्या परवानगीने, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल असं, लिहिलं जातं. एज किंवा जीपीजी या टूलनी एन्क्रिप्ट करायची सोय आहे, बिटवॉर्डन, वन-पासवर्ड, पास या पासवर्ड मॅनेजरांमधून थेट टेम्प्लेटमध्ये उचलता पण येतं. मी टोकनं (पासवर्डऐवजी वापरायचे गुप्त कोड) बिटवॉर्डनमधून घेते. चाव्या मात्र कुठेच हलवत नाही, प्रत्येक मशिनीची तिथेच बनवलेली वेगळी की, एक मशीन गेली तर तेवढी एकच रद्द करायची. ऑटो कमिट आणि ऑटो पुश (बदल आपोआप नोंदवणं आणि रिमोटवर पाठवणं) असे दोन पर्याय आहेत, मुळात बंद असतात. ऑटो पुश चालू करण्याआधी रेपो पब्लिक आहे का ते दहा वेळा बघा, एकदा टोकन बाहेर गेलं की ते नंतर रेपोतून पुसून काही उपयोग नाही, बदलावंच लागतं.

एक अपघात माझा स्वतःचा, यात टूलची काही चूक नाही. एक्झॅक्ट नावाचा उपसर्ग आहे, फोल्डरला लावायचा, अर्थ असा की या फोल्डरमध्ये रेपोत आहे तेवढंच राहील, बाकी सगळं काढून टाक. मला वाटलं छान, स्वच्छ राहील. मॅकवर एडिटरच्या फोल्डरला लावला, तिथे काही झालं नाही कारण सगळं रेपोत होतंच. डेस्कटॉपवर शेम्वा अपडेट मारलं, ते एका झटक्यात रेपो ओढून अप्लाय करतं, आणि तिथे माझ्या हाताने जमवलेल्या स्निपेट्सच्या (कोडचे तयार तुकडे) फाइल्स गेल्या. बॅकअपमधून आल्या परत, पण त्या दिवसापासून अपडेट एकदम मारत नाही, आधी पुल (रेपोतले नवे बदल ओढणं), मग डिफ, मग अप्लाय. डॅश एन लावलं की कोरडी फेरी होते, प्रत्यक्ष काही लिहीत नाही, ती पण आहे.

रोजच्या वापरातला खरा काच एकच, आणि तो दीड वर्षात गेला नाही. सवयीने मी थेट होममधली बॅशआरसी उघडते आणि बदलते. खरं तर शेम्वा एडिट म्हणून उघडायला पाहिजे, म्हणजे बदल मूळ फाइलीत जातो. साधी फाइल असेल तर री-अ‍ॅड मारून बदल मागे रेपोत ओढता येतो, पण टेम्प्लेट असेल तर री-अ‍ॅड तिला हात लावत नाही, कारण तयार मालावरून शर्ती उलट कशा ओळखणार. मग शेम्वा मर्ज, तीन खिडक्या उघडतात, इकडचं तिकडे करा. मुळात ते विम या एडिटरात उघडतं, तो येत असेल तर ठीक, नसेल तर दुसरं मर्ज टूल लावून घ्या, नाहीतर बाहेर कसं पडायचं हा अजून एक प्रश्न. माझा आता सरळ नियम आहे, टेम्प्लेट होईल तेवढी कमी, सत्तावीस फाइल्सपैकी फक्त पाच टेम्प्लेट आहेत, बाकी साध्या फाइल्स आणि त्यांच्या आत इन्क्लूड.

विंडोजवाल्यांसाठी एक ओळ, माझ्या टीममधला एक जण तिथे वापरतो, त्याच्या रेपोत ओळींच्या शेवटी विंडोजची जादाची खूण आली आणि लिनक्सवर स्क्रिप्ट चालेना, एरर पण अशी की डोळ्यांना काही दिसतच नाही. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स या गिटच्या फाइलीत ओळींचा शेवट एलएफ (लिनक्सची पद्धत) ठरवून टाका, पहिल्याच दिवशी.

मग घ्यावं का? एकच मशीन असेल तर नको, उगाच मधे एक पायरी वाढते, साधा गिट रेपो पुरे. दोन मशिनी आणि दोन्ही लिनक्स, तर आधी इन्क्लूड वापरून बघा, कदाचित तेवढ्यात भागेल. वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम आल्या, किंवा ऑफिस आणि घर वेगळं ठेवायचं असेल, तर डोळे झाकून घ्या. वीस-पंचवीस सर्व्हरच्या इटीसीतल्या फाइल्स सांभाळायच्या असतील तर हे ते टूल नाही, तिथे अ‍ॅन्सिबल वगैरे (एकदम अनेक सर्व्हर सांभाळणारी टूल), शेम्वा होम फोल्डरसाठीच आहे. पाचपैकी सव्वाचार देईन, पाऊण टेम्प्लेटच्या रूपासाठी कापले.

मागच्या महिन्यात ऑफिसचा मॅक बदलून मिळाला. एक कमांड, इनिट अप्लाय लावून, रेपोचा पत्ता. विचारलं, भूमिका काय, ऑफिस. ईमेल, दिला. पाचेक मिनिटांत टर्मिनल उघडलं ते माझंच, तोच प्रॉम्प्ट, तेच एलियस, गिट लॉग मारला तर रंग पण तेच. फक्त शेलची हिस्टरी कोरी. ती मी मुद्दामच रेपोत घेतलेली नाही, त्यामुळे वरचा बाण दाबून जुनी कमांड शोधायला गेले की अजून बोट हवेतच राहतं.